पाण्याचा अंदाज

(शैक्षणिक सहलींच्या हंगामापूर्वी कोकणातील एका किनारी तालुक्याच्या गावी माध्यमिक शिक्षकांचा मेळावा भरला होता. त्या प्रसंगी माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण येथे देत आहोत.)



आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, हे मी आरंभीच सांगून टाकतो. मी समुद्रशास्त्रज्ञ नाही. मी कला शाखेचा पदवीधर, आणि माझी सारी नोकरी बातम्या लिहिण्यात व त्या वृत्तपत्रांकडे पाठविण्यात गेली. पण या नोकरीत एक वाक्य मी इतक्या वेळा लिहिले, की अखेर त्या वाक्यानेच मला या विषयाकडे ओढून आणले. ते वाक्य आपणही अनेकदा वाचले असेल : ‘पाण्याचा अंदाज न आल्याने बुडून मृत्यू.’

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका किनारी जिल्ह्यात होतो. डिसेंबरातील एका संध्याकाळी घाटावरून सहलीला आलेल्या दोन तरुणांचे मृतदेह किनाऱ्याला लागले. मी माहिती घेण्यासाठी गेलो होतो. त्यांपैकी एकाचे वडील रात्री उशिरा गाडीने येऊन पोहोचले. मी वहीत टिपण करीत असलेला पाहून त्यांनी मला विचारले, “साहेब, माझा मुलगा विहिरीत पोहायला शिकलेला होता. त्याचे सोबती सांगतात, तो कमरेइतक्याच पाण्यात उभा होता. मग अंदाज चुकला तो कसला?” मला उत्तर देता आले नाही. जवळच एक वृद्ध तांडेल उभे होते. त्यांनी अंधारात समुद्राकडे बोट केले आणि ते एवढेच म्हणाले, “जिथे लाट फुटत नाही ना, पाणी तिथूनच परत जाते.”

त्या रात्री मला या वाक्याचा अर्थ कळला नाही. पुढे मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले, तेव्हा ध्यानात आले की, तांडेलांनी एका ओळीत जे सांगितले ते नेमके मांडण्यासाठी जगातील शास्त्रज्ञांची तीन-चार पिढ्यांची मेहनत खर्ची पडली आहे. त्या मेहनतीची हकीकत आज मी आपल्यासमोर ठेवणार आहे. आपण दरवर्षी शेकडो मुलांना समुद्र दाखवायला नेता. म्हणून ती आपल्याला ठाऊक असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

प्रवाह निर्माण होतो कसा?

खोल समुद्रात लाट पुढे सरकताना दिसते, पण पाणी तिच्याबरोबर फारसे पुढे जात नाही; ते जागच्या जागी वर्तुळात फिरत असते. वाऱ्याने डोलणाऱ्या भातशेतातून लाट जाते, पण रोपे जागा सोडत नाहीत, तसाच हा प्रकार. किनाऱ्याजवळ मात्र पाणी उथळ होते, लाट उंचावते, तिचा तोल जातो आणि ती फुटते. फुटलेली लाट आपल्या अंगचा सारा रेटा पाण्याला देते आणि पाणी किनाऱ्याकडे लोटले जाते. एकामागून एक लाटा फुटत राहिल्या की, किनाऱ्यालगत पाण्याची पातळी थोडी चढते. हा चढ डोळ्यांना दिसत नाही. पण साठलेल्या पाण्याला परत जाण्यासाठी वाट हवीच असते.

आता पुळणीच्या पुढचा समुद्रतळ डोळ्यांसमोर आणा. तो सपाट नसतो. किनाऱ्याला समांतर असे वाळूचे दांडे तिथे तयार झालेले असतात आणि मध्ये मध्ये त्या दांड्यांना खिंडी पडलेल्या असतात. दांड्यावर पाणी उथळ, म्हणून लाटा तिथे जोराने फुटतात आणि त्यामागे पाण्याची पातळी अधिक चढते. खिंडीत पाणी खोल, म्हणून लाटा तिथे कमी फुटतात किंवा फुटतच नाहीत; साहजिकच तिथली पातळी खाली राहते. उंचावरचे पाणी सखल भागाकडे धावणार, हा नियम समुद्रालाही लागू आहे. दोन्ही बाजूंचे पाणी किनाऱ्याला समांतर वाहत खिंडीकडे येते, तिथे एकवटते आणि खिंडीतून वेगाने समुद्राकडे निघते. यालाच इंग्रजीत ‘रिप करंट’ असे नाव आहे. आपण त्याला ‘ओढीचा प्रवाह’ म्हणू.

कोकणातील माणसाला याहून जवळचा दाखला देता येईल. भातखाचरात पाणी तुडुंब भरलेले असते. सगळ्या खाचरात ते निवांत दिसते. पण बांधाला एका ठिकाणी फट पडू द्या, तिथे पाय ठरत नाही. शिवाय त्या फटीतून वाहणारे पाणी फटीची माती खरवडून ती आणखी रुंद करते. समुद्रातही प्रवाह खिंडीतील वाळू उपसून ती खोल करीत राहतो आणि स्वतःची वाट स्वतःच राखतो.

असा प्रवाह साधारणपणे दहा ते तीस मीटर रुंद असतो. त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास. म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. पण मोठ्या लाटांचा घोळका येऊन फुटला की, हा वेग काही मिनिटांपुरता एकदम वाढतो आणि कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. जगातला सर्वांत वेगवान जलतरणपटू शंभर मीटरच्या शर्यतीत जवळजवळ याच वेगाने पोहतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाचा अशा प्रवाहासमोर काय निभाव लागणार?

नावाचा घोळ

या प्रवाहाविषयी फार काळ दोन गैरसमज होते. पहिला असा की, समुद्राच्या पोटात एक ओढ असते आणि ती माणसाला खाली खेचून नेते. दुसरा असा की, हा भरती-ओहोटीचा खेळ आहे. इंग्रजीत त्याला त्या अर्थाचेच एक नाव रूढ झाले होते. अमेरिकेतील सागरी भूशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छोटेसे टिपण लिहून हा घोळ निस्तरला. हा प्रवाह भरती-ओहोटीमुळे निर्माण होत नाही. तो लाटांमुळे निर्माण होतो. आणि तो माणसाला खाली ओढत नाही. तो पृष्ठभागावरून बाहेर, समुद्राकडे नेतो. म्हणून ‘रिप करंट’ हेच नाव योग्य, असे त्यांनी सुचविले.

नावाचा हा वाद शब्दच्छलाचा नव्हता. आपण खाली ओढले जात आहोत असे ज्याला वाटते, तो जीव खाऊन हातपाय मारतो, धाप लागून थकतो आणि थकल्यामुळे बुडतो. आपण केवळ बाहेर नेले जात आहोत हे ज्याला ठाऊक असते, तो तरंगत राहू शकतो. एका अचूक शब्दावर माणसाचे प्राण अवलंबून असू शकतात, हे भाषेच्या शिक्षकांना मी वेगळे सांगायला नको.

ला होयाचा किनारा

कॅलिफोर्नियात सान दिएगोजवळ ला होया नावाचे गाव आहे. स्क्रिप्स ही सुप्रसिद्ध समुद्रविज्ञान संस्था तिथेच आहे. शेपर्ड आणि त्यांचे सहकारी इमरी व ला फाँड यांनी तेथील किनाऱ्यावर निरीक्षणे करून १९४१ मध्ये एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. या प्रवाहाचे तीन भाग त्यांनी स्पष्ट केले : किनाऱ्यालगत पाणी गोळा करून आणणाऱ्या वाहिन्या, लाटांच्या पट्ट्यातून वेगाने बाहेर पडणारा अरुंद गळा, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे पसरत जाऊन विरून जाणारे डोके. म्हणजे हा प्रवाह माणसाला क्षितिजापर्यंत नेत नाही. लाटांची रेषा ओलांडली की, त्याचा जोर ओसरतो. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. शेवटी तिचा उपयोग होणार आहे.

ला होयाच्या समोर समुद्राखाली खोल घळी आहेत आणि त्या अगदी किनाऱ्याजवळ येऊन पोहोचतात. घळीवरून येणाऱ्या लाटा दोन्ही बाजूंना वळतात. त्यामुळे घळीच्या तोंडाशी लाटा लहान आणि थोड्या अंतरावर त्या मोठ्या असतात. मोठ्या लाटांच्या जागेकडून लहान लाटांच्या जागेकडे पाणी वाहते आणि तेथून बाहेर पडते. शेपर्ड आणि डग्लस इनमन यांनी १९५० मध्ये हा संबंध मांडला. समुद्राच्या तळाची ठेवण आणि वरच्या पाण्याचे वागणे यांची सांगड अशी घातली गेली.

हे का घडते, याचे गणित मात्र अद्याप हाती आले नव्हते. लाट आपल्याबरोबर पुढे जो रेटा वाहून नेते, त्याचे माप मायकेल लाँगेट-हिगिन्स आणि आर. डब्ल्यू. स्ट्यूअर्ट यांनी बसविले. १९६४ च्या त्यांच्या निबंधाने किनाऱ्यालगत पाणी का व किती चढते, हे हिशेबाने सांगता येऊ लागले. त्याच पायावर अँथनी बोवेन यांनी १९६९ मध्ये ओढीच्या प्रवाहाचे गणिती विवेचन केले आणि इनमन यांच्यासह प्रयोगशाळेत व किनाऱ्यावर त्याची पडताळणीही केली. तांडेलांचे वाक्य आता समीकरणात उतरले होते.

तरंगत्या पेट्या आणि रंगीत पाणी

यानंतर निरीक्षणाची साधने सुधारत गेली. अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या विद्यापीठातील रॉब होल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून उंच जागी कॅमेरे बसवून किनाऱ्याची चित्रे घेण्याची पद्धत विकसित केली. दहा मिनिटांची अनेक चित्रे एकावर एक ठेवली की, जिथे लाटा सतत फुटतात तिथे पांढरा पट्टा उमटतो आणि जिथे त्या फुटत नाहीत तिथे काळी फट राहते. पाण्याखालचे दांडे व खिंडी अशा रीतीने बसल्या जागी दिसू लागल्या. ऑस्ट्रेलियात राइट आणि अँड्र्यू शॉर्ट यांनी १९८४ मध्ये पुळणींचे प्रकार पाडून दाखविले. फार चढणीची पुळण आणि फार सपाट पुळण यांच्या मधल्या अवस्थांत दांडे व खिंडी तयार होतात आणि ओढीचे प्रवाह प्रामुख्याने तिथेच आढळतात. लाटांची उंची, त्यांतील कालावधी आणि वाळूचा जाडबारीकपणा यांवर कोणत्या पुळणीची कोणती अवस्था, हे ठरते.

या शतकात उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःचे स्थान नोंदविणाऱ्या तरंगत्या पेट्या आल्या. कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात जेमी मॅकमॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेट्या प्रवाहात सोडून त्यांचा मार्ग सेकंदासेकंदाला टिपला. जे दिसले ते अनपेक्षित होते. बहुतेक पेट्या खोल समुद्रात गेल्याच नाहीत. त्या प्रवाहाबरोबर बाहेर गेल्या, वळल्या, दांड्यावरून लाटांबरोबर पुन्हा किनाऱ्याकडे आल्या आणि अशाच गोल फिरत राहिल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जुन्या शिकवणुकीला धक्का दिला. ‘प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याला समांतर पोहा’ असा उपदेश अनेक वर्षे केला जात होता. पण पाणी गोल फिरत असेल, तर एका बाजूला पोहणे सोपे आणि दुसऱ्या बाजूला पोहणे म्हणजे पुन्हा प्रवाहाशीच झुंज! त्यापेक्षा शांतपणे तरंगत राहिल्यास पाणीच माणसाला परत आणू शकते, असे काहींनी सुचविले.

त्याचीही परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्यावर संशोधकांनी खऱ्याखुऱ्या पोहणाऱ्यांना स्थाननोंदणीची यंत्रे बांधून प्रवाहात उतरविले. कोणी तरंगत राहिले, कोणी समांतर पोहले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष प्रामाणिक आहे : कोणताही एकच उपाय दर वेळी लागू पडेल असे नाही. शास्त्राने आपल्या मर्यादेची अशी कबुली द्यावी, हे मला फार मोलाचे वाटते. या संशोधकांपैकी रॉब ब्रँडर हे लोकांना प्रवाह दिसावा म्हणून त्यात निरुपद्रवी जांभळा रंग सोडून दाखवितात. रंगाची ती लांबट जीभ लाटांमधून बाहेर सरकताना ज्याने एकदा पाहिली, तो ती विसरत नाही.

हे सारे कुतूहलापोटी चाललेले नाही. ऑस्ट्रेलियात या प्रवाहांमुळे दरवर्षी सरासरी एकवीस माणसे दगावतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदविले आहे. वणवे, पूर, चक्रीवादळे आणि शार्क मासे या सर्वांच्या एकत्रित सरासरीपेक्षा हा आकडा मोठा होता. अमेरिकेत जीवरक्षकांना समुद्रात जी धाव घ्यावी लागते, तिच्यातील शंभरापैकी सुमारे ऐंशी वेळा कारण हेच असते. तेथील हवामान खात्याने २०२१ पासून या प्रवाहांचा अंदाज काही दिवस आधी देण्यास प्रारंभ केला आहे. ‘पाण्याचा अंदाज’ हा शब्दप्रयोग तिथे अशा रीतीने खरा ठरला.

आपला किनारा

आता आपल्या दारातील समुद्राकडे वळू. कोकणातील पुळणी बहुधा दोन खडकाळ टोकांच्या मध्ये वसलेल्या आहेत. अशा टोकांना लागूनही ओढीचा प्रवाह वाहतो. किनाऱ्याने वाहत आलेले पाणी खडकाला अडते आणि त्याच्या कडेने बाहेर पडते. सहलीला आलेली मंडळी छायाचित्रे काढण्यासाठी नेमकी त्याच कोपऱ्यात गर्दी करतात. पावसाळ्यात उसळत्या लाटा पुळणीवरील वाळू ओढून समुद्रात नेतात आणि पाऊस सरल्यावर ती हळूहळू परत येते. म्हणजे दांड्यांची व खिंडींची जागा बदलत राहते. गेल्या वर्षी जिथे मुले निर्धास्त खेळली, तिथे यंदाही तळ तसाच असेल, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ओढीचा प्रवाह ओहोटीमुळे निर्माण होत नाही हे खरे. पण ओहोटीच्या वेळी दांड्यांवरील पाणी उथळ होते, परतीचे पाणी खिंडीतच कोंडते आणि प्रवाहाला अनेकदा अधिक जोर येतो. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीचा स्वतःचा वेगळा प्रवाह असतो आणि तोही तितकाच घातक असतो. तिसरी गोष्ट अशी की, आकाश निरभ्र आहे, वारा पडलेला आहे, म्हणून समुद्र शांत असेलच असे नाही. हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेकडील महासागरातल्या वादळांनी उठविलेल्या लांब लाटा दिवसांचा प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे इशारे देत असते. सहलीची बस निघण्यापूर्वी ते पाहणे अवघड नाही.

समुद्रातील प्रत्येक मृत्यू ओढीच्या प्रवाहानेच होतो, असे मी म्हणत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अंत झाला, त्याची आठवण आपल्या सर्वांच्या मनात ताजी आहे. वाढती भरती, अनोळखी तळ, पोहता न येणे, अशी कारणे वेगवेगळी असू शकतात. पण या सर्वांवर पहिला उपाय एकच आहे : पाण्यात उतरण्यापूर्वी पाणी वाचणे.

शिक्षकांनी काय करावे?

किनाऱ्यावर पोहोचताच मुलांना लगेच पाण्यात सोडू नका. थोड्या उंच जागी उभे राहून दहा मिनिटे समुद्र पाहा. लाटांच्या पांढऱ्या रांगेत एखादी काळसर, शांत फट दिसते का? त्या फटीतून फेस, पाला किंवा गढूळ वाळू समुद्राकडे सरकते आहे का? आजूबाजूला लाटा फुटत असता तिथेच पाणी बारीक खळबळते आहे का? असे दिसले, तर तीच ती वाट. तिचा मोठा दगा हा की, अनोळखी माणसाला तीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते. कारण तिथे लाटा नसतात. आई लहान मुलाला लाटांपासून दूर म्हणून तिथेच नेते.

त्या गावचे तांडेल, मासेमार, जीवरक्षक यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. तिथे त्यांनी लावलेले निशाण पाहूनच पाण्यात उतरावे. लाल निशाण असेल, तर वाद घालू नये. जिथे जीवरक्षक नाहीत, तिथे मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन.

आणि प्रवाहात कोणी सापडलेच तर? पहिली गोष्ट, किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा अट्टाहास करू नये. त्याने बळ संपते. पाठीवर तरंगावे, श्वास सांभाळावा, एक हात वर करून हाक द्यावी. लाटांची रेषा ओलांडल्यावर प्रवाहाचा जोर ओसरतो, हे मघाशी सांगितलेच. अंगात बळ असेल, तर जिकडे लाटा फुटताना दिसतात तिकडे आडवे पोहावे. तिथे पाणी उथळ असते आणि लाटाच किनाऱ्याकडे लोटतात. एका दिशेने जमत नसेल, तर दुसरी दिशा धरावी. किनाऱ्यावरच्यांनी मात्र एकदम पाण्यात उडी घेऊ नये. वाचवायला गेलेला मित्र, भाऊ, बापच बुडाल्याच्या बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. तरंगणारे जे हाती लागेल ते फेकावे : झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, चेंडू, हवेची ट्यूब, दोर. त्याच वेळी ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा, स्थानिक लोकांना हाक मारावी आणि बुडणाऱ्यावरून नजर हटू देऊ नये.

मित्रहो, त्या रात्री एका पित्याने मला प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर आज मी देऊ शकतो. त्यांच्या मुलाला पोहता येत होते, तो कमरेइतक्या पाण्यात होता, हे दोन्ही खरेच असेल. त्याचा अंदाज चुकला असे म्हणणेदेखील कदाचित अन्यायाचे आहे. कारण अंदाज करायचा असतो, हेच त्याला कोणी शिकविलेले नव्हते. विहिरीचे पाणी जागच्या जागी राहते, समुद्राचे पाणी वाटा काढते, हा धडा त्याच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता.

तो धडा आपण शिकवू शकता. त्याला खर्च नाही, यंत्र नाही. सहलीच्या आदल्या दिवशी अर्धा तास, फळा आणि खडू एवढेच पुरे. एक दांडा काढा, एक खिंड काढा, दोन बाण काढा. ‘जिथे लाट फुटत नाही, पाणी तिथूनच परत जाते’ हे वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या. आणि माझ्यासारख्या माहिती अधिकाऱ्यावर ते जुने वाक्य पुन्हा लिहिण्याची वेळ येणार नाही, असे पाहा.